आकडा नंतर कळला

"काल डायलिसिसला गेलेच नाहीत हो, रिक्षाच मिळाली नाही," काकू दारातूनच म्हणाल्या. आम्हा अँब्युलन्सवाल्यांचं काकांवर सीपीआर चालू, आणि त्यांच्या डाव्या हातावर फिस्टुला (डायलिसिससाठी जोडून घेतलेली रक्तवाहिनी) फुगलेला. डायलिसिस चुकल्याने रक्तात पोटॅशियमच वाढून हृदय थांबलं असणार, म्हणून हृदयाला सांभाळणारं कॅल्शियम लगेच दिलं. पोटॅशियमचा आकडा मात्र हॉस्पिटलात कळला, ८.१, म्हणजे खूपच जास्त.

आय-स्टॅटसारखं हातात मावणारं मशीन असतं, रक्ताचे दोन-तीन थेंब टाकले की दोनेक मिनिटांत पोटॅशियम सांगतं. पण चालतं १६ ते ३० डिग्रीत, रक्त ज्यात टाकायचं ती कार्ट्रिज फ्रीजमध्ये ठेवायची, आणि आमच्या गाडीचा एसी मे महिन्यात काय दिवे लावतो ते सगळ्यांना माहितीये 😅

आज काकूंनी मशीनच्या आधी सांगितलं. पण घरात सांगणारं कुणीच नसेल तर?