श्रिंपच्या टाकीसाठी लाकूड शोधताना

माझी माशांची टाकी दोन फुटी, साधारण ५५ लिटरची. तीत गप्पी मासे आणि लाल चेरी श्रिंप, म्हणजे गोड्या पाण्यातल्या इवल्या कोळंब्या, आहेत. पाण्यातल्या लाकडावर सूक्ष्म जीवांचा पातळ थर येतो आणि श्रिंप तो दिवसभर चरत राहतात, म्हणून मला लाकूड हवंच होतं. दुकानातलं ड्रिफ्टवुड, म्हणजे टाकीत मांडायचं तयार लाकूड, वजनावर मिळतं, पण मनाजोगा आकार मिळेल याचा भरवसा नाही. नाशिकच्या आसपासच काही सापडतं का बघू म्हटलं.

निफाडजवळ मामांची द्राक्षबाग आहे. जुन्या वेलींचे पिळदार बुंधे बांधावर पडले होते, पाहताक्षणी टाकीत मांडावेसे वाटणारे. मामा म्हणाले, "ने की हवे तेवढे, नाहीतरी चुलीतच जायचेत." मी विचारलं, यांच्यावर फवारलंय काय काय? बोर्डो मिश्रण तर दरवर्षीचं, छाटणी झाली की हमखास. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, आणि मोरचुदात तांबं असतं. श्रिंप आणि गोगलगायींना तांबं अगदी थोडंही सोसत नाही. द्राक्षाची साल सैल, पदरापदरांची. तीत वर्षानुवर्षांची फवारणी मुरलेली. ती उकळून निघून जाईल यावर माझा विश्वास बसला नाही. शिवाय हे लाकूड पाण्यात लवकर मऊ पडतं. बुंधे तिथेच ठेवले.

त्यानंतर एकच गोष्ट पक्की धरली: झाड ओळखता आलं नाही तर फांदी उचलायची नाही. महामार्गाच्या दुभाजकात कण्हेरीच्या वाळक्या फांद्या किती सुंदर दिसतात! पण कण्हेर वाळली तरी तिचं विष जात नाही, आणि बिट्टी तिचीच बहीण. शेर, रुई, बिब्बा हे चीक नाहीतर अंगावर उठणारा रस असलेले, ते बाद. नीलगिरीत तेल, पाइनमध्ये राळ. कडुनिंब किडींना मारतो आणि श्रिंप किडींचेच लांबचे नातेवाईक, तेव्हा त्याच्याही वाटेला गेलो नाही. खाडीकाठची खारफुटीची मुळं कुणी आणून देतो म्हटलं तरी घेऊ नका. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे आणि असावंच.

निवड झाली ती पेरूची. काकूंच्या परसातलं झाड, कधीच न फवारलेलं, आणि फांदी झाडावरच वाळलेली. पेरूचं लाकूड घट्ट आणि जड, साल पातळ, आपोआप सुटणारी. नख रुतलं नाही, काडी कट्कन मोडली, ओला वास नाही. हिरवी फांदी मुळीच घेऊ नये. तिच्यातला गोड रस पाण्यात उतरतो, जिवाणू माजतात, पाणी दुधाळ होतं आणि माशांना प्राणवायू कमी पडतो.

उरलेली साल खरवडली, ब्रशने घासली. साबण अजिबात नाही. स्वयंपाकाला पुन्हा न वापरायच्या मोठ्या टोपात आधी एक टोक, मग दुसरं असं उकळलं. नंतर फांदी पिंपात बुडवून ठेवली आणि पाणी बदलत राहिलो. सुरुवातीला पाणी कोऱ्या चहासारखं झालं. ते टॅनिन, लाकडातलं तुरट द्रव्य. त्याने पाणी किंचित आम्लाकडे झुकतं, माशांना अपाय होत नाही. रंग फिका होईपर्यंत मी थांबलो.

तरी फांदी तरंगायचीच. खाली बांधायला घरात शहाबादी आणि कडप्प्याचे तुकडे होते, पण दोन्ही चुनखडीचे. पाण्याचा जडपणा वाढवणारे. लिंबू पिळलं की लगेच बुडबुडे येतात. आपला काळा दगड, बेसाल्ट, लिंबाला दाद देत नाही. त्याला फांदी तंगुसाने बांधली.

टाकीत गेल्यावर काही दिवसांत फांदीवर पांढरा बुळबुळीत थर आला. नवीन लाकडावर तो येतोच आणि त्याने काही बिघडत नाही. औषध ओतू नका, बुरशीच्या काही औषधांतही तांबं असतं. माझ्या श्रिंपनी तो खाऊन फांदी साफ केली.

पेरू दुकानातल्या ड्रिफ्टवुडइतका टिकणार नाही. पाणी बदलताना फांदी नखाने दाबून बघतो; मऊ लागली किंवा कुजका वास आला की बाहेर काढायची.