गड्डीत असूनही ‘सापडले नाही’: एका आक्षेप-अर्जाचा माझा अनुभव

पत्त्यांच्या एका खेळात, शोधायला सांगितलेले पान गड्डीत असताना खेळाडूला ‘सापडले नाही’ असे म्हणता येते की नाही, एवढ्या एका प्रश्नाचे लेखी उत्तर मिळवायला मला अकरा आठवडे लागले. म्हणता येते, हे उत्तर नियमावलीत दोन ओळींत लिहिलेले आहे आणि ते मला पहिल्याच रात्री सापडले होते. बाकीचा सगळा काळ एका अर्जाच्या तीन रकान्यांनी खाल्ला, आणि त्या रकान्यांविषयीचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही, हे वाचकांनी आधीच लक्षात घ्यावे.

मी रत्नागिरीत एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी करते आणि गेली सहा वर्षे ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ खेळते. १९९३ साली निघालेल्या या खेळात ज्या गड्डीतून पाने ओढायची तिचे अधिकृत नाव ‘लायब्ररी’ असेच आहे, त्यामुळे दिवसभर पुस्तके शोधून देणारी बाई रविवारीही लायब्ररीच धुंडाळते, हा विनोद आमच्या गटात आता झिजून गुळगुळीत झाला आहे. गटात आम्ही सात जण आहोत. पावसाळ्यात, बाहेर पडवत नाही आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो तेव्हा, आमचे सर्वांत जास्त डाव होतात. जूनच्या शेवटी कुडाळच्या बाजूला एका सभागृहात स्पर्धा आहे असे कळले, म्हणून मी आणि माझा बारावीतला भाचा तुतारी एक्सप्रेसने गेलो. प्रवास, नोंदणी आणि पहिल्या दोन फेऱ्या यांविषयी सांगण्यासारखे काही नाही.

तिसऱ्या फेरीत माझ्या वीस लाइफपैकी दोन उरले होते; लाइफ शून्यावर आले की डाव हरतो. समोर अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी बसला होता आणि त्याच्या बाजूला ‘अंख ऑफ मिश्रा’ हे पान मांडलेले होते. कोणतीही जमीन (बाकीची पाने खेळायला लागणारी शक्ती देणारे पान) पटावर आली की हे पान ती आणणाऱ्याचे दोन लाइफ कापते, म्हणजे यापुढे जमीन मांडणे मला परवडणारे नव्हते. त्याच पाळीत मी ‘ब्रेनस्टॉर्म’ खेळून तीन पाने ओढली होती आणि नियमाप्रमाणे हातातली दोन परत गड्डीवर ठेवली होती. ती दोन्ही जमिनीच होत्या, म्हणजे पुढच्या दोन पाळ्या वाया जाणार हे मला ठाऊक होते. सुटकेचा एकच मार्ग होता. ‘इव्हॉल्व्हिंग वाइल्ड्स’ हे माझे पान अंख येण्यापूर्वीपासून पटावर होते. ते आडवे करून त्याचा बळी दिला, म्हणजे पटावरून काढून टाकले, की गड्डीत एक मूलभूत जमीन शोधायची, ती आडवी मांडायची आणि मग गड्डी पिसायची. मला त्यातली जमीन नको होती, पिसणे हवे होते. मी गड्डी उचलली, पाहिली, ‘सापडले नाही’ म्हणाले आणि पिसायला घेतली.

“ताई, गड्डीत जमीन आसा मगे ती घेवकच व्हयी,” तो अगदी शांतपणे म्हणाला.

पंचांना बोलावले. पंच म्हणजे आयोजकांपैकीच एक होते. त्यांनी माझी गड्डी हातात घेतली, तिच्यातल्या नऊ जमिनी मोजून दाखवल्या आणि त्यांतली एक मांडायला लावली. अंखने दोन लाइफ घेतले आणि डाव संपला.

त्या निर्णयाचा मला राग नाही, कारण तो कुठून आला ते मला कळते. आपण सगळे बदाम सात आणि झब्बू खेळत मोठे झालो. बदाम सातमध्ये लावण्याजोगे पान हातात असताना ‘पास’ म्हणणे ही आमच्या घरी चोरी होती, झब्बूत उतारीचा रंग हातात असताना दुसरे पान टाकणे ही तर त्याहून मोठी चोरी. आणि ती डाव संपेपर्यंत उघडी पडायचीच, कारण त्या खेळांत प्रत्येक पान कधी ना कधी खाली येते. मॅजिकच्या गड्डीतली बरीचशी पाने मात्र डाव संपला तरी समोरचा खेळाडू पाहत नाही. गड्डी हा लपलेला भाग आहे आणि त्यात अमुक एक गुणाचे पान आहे की नाही हे त्याला ताडून पाहता येत नाही; म्हणून नियमच असा केलेला आहे की मूलभूत जमीन, विशिष्ट रंगाचे पान, विशिष्ट प्रकारचे पान असा काही गुण सांगून शोधायला लावले असेल, तर ते पान गड्डीत असले तरी ते न काढण्याची मुभा शोधणाऱ्याला आहे. शोधणे टाळता येत नाही, पिसणेही टाळता येत नाही. सापडणे तेवढे ऐच्छिक आहे.

पानावर नुसते ‘एक पान शोधा’ एवढेच असेल, जसे ‘डीमॉनिक ट्यूटर’वर आहे, तर ही मुभा नाही. तिथे कोणतेही पान चालते, त्यामुळे गड्डीत एक जरी पान उरलेले असले तरी ते घ्यावेच लागते. हा फरक लक्षात ठेवायची माझी खूण अशी, की शोधलेले पान समोरच्याला दाखवायला सांगितले आहे का ते पाहावे. ‘मिस्टिकल ट्यूटर’ दाखवायला सांगते, कारण त्याला ठरावीक प्रकारचेच पान लागते आणि ते तसे आहे याची खात्री समोरच्याला व्हावी लागते. डीमॉनिक ट्यूटरला अशी गरजच नाही. जिथे पान दाखवायचे आहे किंवा ते थेट पटावर उघडे येते, तिथे न सापडण्याची मुभाही बहुधा असतेच.

आता अर्जाकडे येते. स्पर्धेच्या पत्रकात लिहिले होते की निकालावरचा आक्षेप सात दिवसांच्या आत ठरलेल्या नमुन्यात पाठवावा आणि आयोजकांची समिती त्यावर लेखी निर्णय देईल. मी तिसऱ्याच दिवशी पाठवला. त्यात ‘पानावरील अधिकृत मजकूर’ असा एक रकाना होता. माझे इव्हॉल्व्हिंग वाइल्ड्स २०१० सालच्या संचातले आहे. त्यावर छापलेला मजकूर मी अक्षर न् अक्षर उतरवला. बारा दिवसांनी अर्ज परत आला आणि त्यावर शेरा होता, ‘मजकूर जुळत नाही’. कशाशी जुळत नाही, हे लिहिण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. दोन संध्याकाळी घालवल्यावर ध्यानात आले की या खेळात पानावरची छपाई अंतिम नसते. विझार्ड्स ऑफ द कोस्ट ही कंपनी ‘गॅदरर’ नावाच्या सूचीत प्रत्येक पानाचा चालू मजकूर ठेवते, त्याला ‘ऑरॅकल’ मजकूर म्हणतात, आणि तोच ग्राह्य धरला जातो. २०२१ पासून पानांवर ‘आपली लायब्ररी पिसा’ असे न लिहिता नुसते ‘पिसा’ असे लिहू लागले, आणि जुन्या पानांचा अधिकृत मजकूरही त्याप्रमाणे बदलला. दोन शब्द गळले होते. अर्थ तसूभरही हलला नव्हता, तरी समितीच्या लेखी माझे पान वेगळेच ठरले होते.

दुसऱ्यांदा अर्ज पाठवला तो तीन आठवड्यांनी परत आला. या वेळी रकाना होता ‘संबंधित कलमाचा क्रमांक’, आणि शेरा होता, ‘या क्रमांकाच्या कलमात शोधण्याचा उल्लेख नाही’. इथे चूक माझी होती, आणि ती कबूल करताना मला आजही संकोच वाटतो. खेळाची सविस्तर नियमावली अडीचशेहून अधिक पानांची आहे आणि नवे मोठे संच येतात तशी ती सुधारली जाते. शोधणे, पिसणे, बळी देणे अशा ठरावीक क्रियांचे नियम ७०१ व्या कलमाखाली येतात. मध्येच एखादी नवी क्रिया घातली की तिच्या खालच्या सगळ्यांचे पोटक्रमांक पुढे सरकतात. माझ्या फोनमध्ये काही वर्षांपूर्वी उतरवून घेतलेली प्रत होती, त्यामुळे मी दिलेला पोटक्रमांक आता भलत्याच क्रियेच्या वाट्याला आला होता. विद्यार्थ्यांना ‘संदर्भ देताना आवृत्ती पाहा’ असे वर्षानुवर्षे बजावणाऱ्या ग्रंथालय कर्मचाऱ्याकडून ही चूक व्हावी, यावर भाचा दोन दिवस हसत होता. ज्यांना असा अर्ज करायचा असेल त्यांनी त्याच दिवशी ताजी नियमावली उतरवून घ्यावी, क्रमांकासोबत तिची तारीख लिहावी आणि नियमाचे पूर्ण वाक्यही द्यावे, म्हणजे क्रमांक सरकला तरी वाक्य हाती राहते.

तिसऱ्या खेपेस मजकूर बरोबर होता, कलम बरोबर होते, आणि अर्ज परत आला तो ‘पटाचे छायाचित्र जोडलेले नाही’ म्हणून. हा रकाना पहिल्या दोन्ही वेळी रिकामाच होता आणि तेव्हा त्याविषयी कोणी चकार शब्द काढला नव्हता. अर्जातल्या सर्व त्रुटी एकाच वेळी कळवाव्यात, एवढे साधे सौजन्य पाळले असते तर निम्मा काळ वाचला असता. मी दूरध्वनी केला. पलीकडच्या गृहस्थांनी मला समजावले की रकाना आहे म्हणजे छायाचित्र लागणारच. डाव चालू असताना, दोन लाइफ उरलेले असताना, पटाचे छायाचित्र कोण काढतो, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले की हा प्रश्न सूचना म्हणून वेगळ्या अर्जात लिहून पाठवावा.

मला सर्वांत जास्त झोंबले ते हे, की वाद वस्तुस्थितीचा नव्हताच. पटावर काय होते, गड्डीत किती जमिनी होत्या, मी काय म्हणाले, यांतले काहीही कोणी नाकारले नव्हते. स्वतः पंचांनी जमिनी मोजल्या होत्या. प्रश्न फक्त नियमाचा होता, आणि नियमाचे छायाचित्र काढता येत नाही. तोवर गणपती चार दिवसांवर आले होते. कोकणात या दिवसांत कोणत्याही समितीकडून उत्तराची अपेक्षा करणे हा वेडेपणा असतो. ज्याला त्याला घर, मखर आणि मुंबईहून येणारी माणसे असतात, आणि खरे सांगायचे तर मलाही होती.

सुटका झाली ती समोर बसलेल्या त्या मुलामुळे. त्याचा क्रमांक फेरीच्या चिठ्ठीवर होता. भीत भीतच संदेश पाठवला, तर त्याने आरती आटोपून त्याच रात्री उत्तर दिले की घरी जाऊन त्याने स्वतःही नियम वाचला होता आणि आपलेच चुकले हे त्याला कळले होते. त्याने लाइफची नोंद कागदावर ठेवली होती. वीस, सतरा, चौदा, नऊ, दोन, असे खाली उतरत आलेले आकडे आणि शेवटी खोडलेला दोन, असा तो कागद त्याने पाठवला, सोबत पटावर काय काय होते याचे सहीनिशी निवेदन. मी घरच्या ओटीवर तीच पाने तशीच मांडली, वरून छायाचित्र काढले, त्यावर ‘पुनर्रचना’ असे ठळक लिहिले आणि सगळे एकत्र जोडले. लाइफ मोजायला फासे वापरणाऱ्यांना माझा सल्ला आहे की कागद वापरा. फासा फक्त आताचा आकडा सांगतो, कागद सगळा डाव सांगतो.

अनंत चतुर्दशीनंतर आठवड्याभरात उत्तर आले. ‘आक्षेप ग्राह्य. निकाल अंतिम असल्याने फेरीचे गुण बदलणार नाहीत.’ गुण मला नकोच होते. ते पत्र मी छापून घेतले आणि ते आमच्या पानांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेले आहे. पुढच्या स्पर्धेच्या पत्रकात न सापडण्याच्या मुभेचा नियम मराठीत छापला गेला, त्यातले ‘लपलेला भाग’ हे शब्द माझ्या अर्जातून उचललेले आहेत, आणि याचा मला जरा जास्तच अभिमान आहे.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. वाद उद्भवला की गड्डी पिसू नये, हातातले खाली ठेवावे आणि पंच येईपर्यंत थांबावे, कारण एकदा पिसल्यावर वरची पाने कोणालाही परत लावता येत नाहीत. पंचांना गड्डी पाहू द्यायला हरकत नाही. पण माझी गड्डी समोरच्याच्या डोळ्यांदेखत मोजली गेली तेव्हा मी गप्प बसले, तसे बसू नये. पिसून झाल्यावर मात्र ती समोरच्याला कापायला द्यावी.

शिवाय एका खेळाचा नियम दुसऱ्याला लावू नये. भाच्याचा पोकेमॉनचा डेक आहे. तिथेही ‘नेस्ट बॉल’ने बेसिक पोकेमॉन शोधताना काही न घेता पिसता येते, पण बाकावर, म्हणजे राखीव पोकेमॉनच्या जागी, पाच पोकेमॉन आधीच असतील किंवा गड्डीत एकही पान नसेल तर नेस्ट बॉल खेळताच येत नाही. त्या खेळात सहा पाने बक्षीस म्हणून सुरुवातीलाच बाजूला पालथी ठेवलेली असतात, त्यामुळे हवे ते पान खरोखरच गड्डीत नसण्याची शक्यता नेहमीच असते, आणि पहिला शोध घेताना जाणते खेळाडू आपली कोणती पाने बक्षिसांत गेली आहेत ते मोजून घेतात. यू-गी-ओमध्ये तर हवे तसे पान गड्डीत नाही हे ठाऊक असेल तर शोधाचा परिणाम सुरूच करता येत नाही.

अर्जातला छायाचित्राचा रकाना अजूनही बंधनकारक आहे. त्यामुळे आता मी गड्डीला हात लावण्यापूर्वी समोरच्याची परवानगी घेऊन पटाचे एक छायाचित्र काढून ठेवते, फोनमध्ये तशी एकशे चाळीस साठली आहेत आणि भाचा म्हणतो, “मावशी, यातले एक तरी कधी लागले का?” अजून लागलेले नाही.