बाबांना ऑक्सिजनसह मोटारीने नेताना: माझा अनुभव

फुफ्फुसांच्या फायब्रोसिसमुळे, म्हणजे फुफ्फुसे व्रणांमुळे कडक झाल्यामुळे, बाबांना सतत ऑक्सिजन लागतो. तरीही आपल्या बहिणीला तिच्या घरी जाऊन भेटण्याची त्यांची फार इच्छा होती, म्हणून आम्ही मोटारीने जायचे ठरवले आणि किलोमीटर बाजूला ठेवून आधी ऑक्सिजन किती तास पुरेल याचा हिशेब मांडला.

डॉक्टरांनी पहिली गोष्ट स्पष्ट केली ती अशी की, हवेतील नायट्रोजन शोषून ऑक्सिजन पुरवणारे छोटे पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर बहुधा श्वास आत घेतानाच ऑक्सिजनचा झोत सोडते, त्यामुळे त्यावरील २ हा आकडा मिनिटाला २ लिटर या अर्थाचा नसतो. म्हणून आम्ही यंत्र आधी घरीच, बाबांना बसवून आणि चालवून, रक्तातील ऑक्सिजन दाखवणारा ऑक्सिमीटर बोटाला लावून तपासले. बसून पुरणारे सेटिंग चार पावले चालताच अपुरे पडते, हे तेव्हाच कळले. झोपेत तोंडाने श्वास घेतला जात असेल तर यंत्राला तो ओळखता येईलच असे नाही. त्यामुळे गाडीत बाबांना डुलकी लागली की मी ऑक्सिमीटरवर लक्ष ठेवायचे, असे ठरले.

जोडीला सिलिंडर घेतला. ६८० लिटर ऑक्सिजन भरलेला सिलिंडर मिनिटाला २ लिटर या सलग प्रवाहाने ३४० मिनिटे चालतो, पण गाडी वाहतुकीत अडकू शकते हे ध्यानात घेऊन त्यातला मोठा भाग आम्ही हिशेबाबाहेरच ठेवला. यंत्राच्या बॅटरीसाठीही हाच नियम लावला. चार्जर गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटला इंजिन सुरू झाल्यावरच जोडायचा आणि इंजिन बंद करण्यापूर्वी काढायचा, हे चालवणाऱ्या भावाने कटाक्षाने पाळले.

सर्वांत जास्त वेळ मांडणीत गेला, आणि तो द्यायलाच हवा असे माझे ठाम मत आहे, कारण अचानक ब्रेक लागल्यावर सुटा सिलिंडर गाडीतल्या प्रत्येकासाठी धोक्याचा असतो. तो आम्ही पट्ट्यांनी जखडला. यंत्र मागच्या सीटवर, हवा आत घेण्याची जाळी मोकळी राहील असे बांधले. आणि नळी दारात किंवा सीटबेल्टखाली चिमटणार नाही अशी फिरवली. बंदिस्त जागेत ऑक्सिजन साचला तर आग झपाट्याने भडकते, म्हणून काच थोडी उघडी ठेवली आणि सिगारेट पूर्ण वर्ज्य केली. पेट्रोल भरण्याआधी बाबांना गाडीतून उतरवून पंपापासून दूर बसवले. बाबांचे ओठ कोरडे पडत, पण तेलकट मलम न लावता पाण्यावर आधारित जेल वापरले.

घाटाची मला खरी काळजी होती. उंचीवर हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण दाब कमी झाल्याने फुफ्फुसांना तो कमी मिळतो. सेटिंग कुठवर वाढवायचे आणि ऑक्सिमीटरच्या कोणत्या आकड्याखाली माघारी फिरायचे, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतले होते. चढावर आकडा थोडा उतरला, सेटिंग एका पायरीने वाढवल्यावर स्थिरावला, आणि उतारावर ते पूर्ववत केले.

जेवणाच्या थांब्यावर गाडी उन्हात तापते, म्हणून यंत्र आणि सिलिंडर दोन्ही बरोबर उतरवले. आत्याकडे पोहोचताच बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या आणि परतीसाठी सिलिंडरचा दाब वहीत नोंदवला. आत्या तोवर बाबांजवळ जाऊन बसली होती.