पुण्याची नववी, न्यू जर्सीची दहावी: माझा अनुभव

लहान मुलांना घेऊन अमेरिकेत येणाऱ्यांना शाळेची फार धास्ती नसते. पहिली-दुसरीतलं मूल कुठेही रुळतं. खरा प्रश्न नववी-दहावीतल्या मुलांचा. इथलं हायस्कूल नववी ते बारावी असं चार वर्षांचं, त्या चार वर्षांचा हिशेब एकत्र मांडला जातो, आणि आपलं मूल त्यात मधेच येऊन पडतं. आमची मुलगी पुण्याच्या सेमी-इंग्रजी शाळेतून नववी पास होऊन आली आणि न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीतल्या एका उपनगरात, तिथल्या पब्लिक हायस्कूलमध्ये दहावीत बसली. आता ती बारावीत आहे. मधल्या काळात जे समजत गेलं ते लिहून ठेवते आहे, कारण दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी नवीन आई मला हेच सगळं विचारते.

पब्लिक स्कूल म्हणजे फी नाही. न्यू जर्सीत ५ ते २० वर्षांच्या प्रत्येक मुलाला, ते ज्या गावात राहतं तिथल्या शाळेत, मोफत शिकता येतं. शाळेचा बराचसा खर्च घरांवरच्या प्रॉपर्टी टॅक्समधून निघतो. भाड्याने राहणाऱ्यांच्या मुलांचा हक्क मात्र घरमालकांच्या मुलांइतकाच आहे. म्हणून इथले लोक आधी शाळा बघतात आणि मग घर. आम्हीही तेच केलं. भाडेकरार, विजेचं बिल, पासपोर्ट, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधीच्या इयत्तांच्या गुणपत्रिका आणि लसीकरणाची नोंद एवढं सगळं घेऊन नोंदणीच्या ऑफिसात गेलो. दाखला मराठीत होता, त्याचं इंग्रजी भाषांतर सोबत जोडलं होतं. व्हिसाविषयी कोणी काही विचारलं नाही. मुलाचा प्रवेश त्यावर ठरत नाही, सर्वोच्च न्यायालयाचा १९८२चा तसा निकाल आहे.

लसींचं मात्र नीट बघून या. भारतात साधारणपणे दिली जात नाही ती मेनिंजायटिसची लस इथे सहावीपासून पुढे लागते. टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची लस), हिपॅटायटिस बी, गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या यांचेही पुरावे लागतात. परदेशातून आलेल्यांना कागद जमवायला ३० दिवसांची सवलत मिळते. क्षयरोगाची तपासणीही होते. आपल्याकडे जन्मल्यावर बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे हातावरची त्वचेची चाचणी पॉझिटिव्ह दिसू शकते आणि मग छातीचा एक्स-रे मागतात. रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही, म्हणून डॉक्टरांकडे थेट तीच मागून घ्या.

नोंदणीच्या कागदांत घरात कोणती भाषा बोलता, असा एक प्रश्न असतो. ओळखीतल्या अनेकांनी सांगितलं, ‘इंग्लिश लिहून टाका, नाहीतर मुलीला ईएसएलमध्ये घालतील.’ ईएसएल म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मुलांसाठीचा इंग्रजीचा वेगळा तास. मी मराठी लिहिलं. खरं तेच लिहायचं होतं, आणि मुलीला मदत लागली तर ती मिळावी असंही वाटत होतं. तिची वाचन, लेखन, श्रवण आणि संभाषण अशी परीक्षा झाली. वाचनात ती चांगली निघाली, बोलण्यात अडखळली, आणि एक वर्ष ईएसएलचा तास लागला. आपल्या लोकांत या तासाला कमीपणा मानतात ते मला अजिबात पटत नाही. पंधराच मुलं, एक शिक्षिका, आणि रोज बोलायची संधी. निबंधात आपलं म्हणणं पहिल्याच परिच्छेदात मांडायचं आणि त्याला मजकुरातून पुरावा द्यायचा, ही इथली पद्धत तिला त्या बाईंनी शिकवली. पुढच्या वर्षी ती ईएसएलमधून बाहेर पडली, पण त्या बाईंकडे अजून जाते.

सगळ्यात जास्त वेळ गणिताने घेतला. इथे इयत्तेचं गणित नसतं. अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस अशी पायऱ्यांची रांग असते, आणि मूल कोणत्या पायरीवर उभं आहे हे ठरवावं लागतं. आपल्या बोर्डात नववीला गणित भाग १ आणि भाग २, म्हणजे बीजगणित आणि भूमिती दोन्ही असतात. गुणपत्रिकेवर नुसतं ‘गणित’ असं बघून काउन्सेलर बाईंनी, म्हणजे मुलांचे विषय ठरवायला मदत करणाऱ्या शाळेतल्या बाईंनी, सुरुवातीला अल्जिब्रा १ लिहिलं. त्यांची चूक म्हणता येणार नाही, त्या कागदावरून दुसरं काही दिसतच नव्हतं. मी बालभारतीची इंग्रजी पुस्तकं उतरवून घेतली आणि अनुक्रमणिका समोर ठेवून तुलना केली. बहुपदी, दोन चलांतली रेषीय समीकरणं, सांख्यिकी हे झालेलं. त्रिकोणमितीची ओळख, निर्देशक भूमिती, पृष्ठफळ आणि घनफळ हेही झालेलं. इथे ते जॉमेट्रीत येतं. पण वर्गसमीकरणं आपल्याकडे दहावीत आहेत आणि इथे ती अल्जिब्रा १ मध्येच संपवतात. समरूपताही आपल्या दहावीतली. म्हणजे मुलगी एका बाजूने पुढे होती आणि दुसऱ्या बाजूने मागे.

तो तक्ता मी गणित विभागाच्या सुपरवायझरना ईमेलने पाठवला आणि प्लेसमेंट टेस्ट घ्या अशी विनंती केली. टेस्ट ऑगस्टच्या शेवटी ठरली. तोवर मुलीने दहावीच्या पुस्तकातला वर्गसमीकरणांचा धडा घरी सोडवला. निकालानंतर त्यांनी जॉमेट्री आणि अल्जिब्रा २ एकाच वर्षी घ्यायचा पर्याय दिला, आणि तिने तो घेतला. तुम्ही येणार असाल तर पुस्तकांच्या अनुक्रमणिका सोबत ठेवा. नुसत्या टक्क्यांवरून इथे कोणाला काही कळत नाही, उलट आपले ७२ टक्के त्यांना सामान्य वाटतात. आमच्या शाळेने नववीचे विषय फक्त ‘पास’ म्हणून क्रेडिटला (विषय पूर्ण केल्याबद्दल मिळणाऱ्या अंकांना) धरले, सरासरीत घेतले नाहीत. हे लेखी मागून घेतलेलं बरं.

क्रेडिटचं गणित थोडक्यात असं. न्यू जर्सीत हायस्कूलच्या पदवीसाठी किमान १२० क्रेडिट लागतात, आणि वर्षभराचा रोजचा एक विषय म्हणजे साधारण ५. इंग्रजी २०, गणित १५, विज्ञान १५, समाजशास्त्र १५, परकीय भाषा ५, कला ५, शिवाय अर्थसाक्षरता अर्ध्या वर्षाची आणि शारीरिक शिक्षण दरवर्षी. समाजशास्त्रात अमेरिकेचा इतिहास दोन वर्षं. आपल्या मुलांचा तो अर्थातच झालेला नसतो, तो पहिल्या वर्षापासून लावावा लागतो. विज्ञानात प्रयोगशाळेसह बायॉलॉजी लागतं. आपलं नववीचं ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ त्याऐवजी चाललं नाही. परकीय भाषेची अट परीक्षा देऊन पूर्ण करता येते. मुलीने हिंदीची दिली, आणि त्यामुळे अकरावीत एक तास मोकळा झाला.

त्या मोकळ्या तासाने काय दिलं ते मला सविस्तर सांगायचं आहे. कलेची ५ क्रेडिट ही इथे अट आहे. चित्रकला, सिरॅमिक्स, फोटोग्राफी, बँड, ऑर्केस्ट्रा, कोरस, नाट्य, यातलं काहीतरी प्रत्येक मुलाला करावंच लागतं, आणि त्याला गणितासारखेच ग्रेड मिळतात. पुण्यात गॅदरिंग झालं की कला वर्षभरासाठी मिटायची. इथे बँडची मुलं ऑगस्टच्या उन्हात, शाळा सुरू व्हायच्या आधी, मैदानावर कवायत करत असतात. शुक्रवारी रात्री फुटबॉलचा सामना असला की मध्यंतरात मैदान त्यांचंच.

आमची मुलगी गात नाही, वाजवत नाही, आणि तेव्हा अनोळखी माणसांशी बोलतही नव्हती. पहिले दोन महिने ती जेवणाच्या सुट्टीत लायब्ररीत बसायची. ईएसएलच्या बाईंनीच सुचवलं की शाळेच्या नाटकाला सेट बांधायला माणसं हवी आहेत, निवडचाचणी नाही, शाळा सुटल्यावर यायचं. ती गेली. आधी सुरक्षेची लेखी परीक्षा, मग डोळ्यांना चष्मा लावून ड्रिल कसं धरायचं ते शिकवलं. लाकडी चौकटीवर पातळ प्लायवूड ठोकून भिंत तयार करायची, मागून टेकू द्यायचा, ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे रंगमंचावर अंधार असताना, ती कोणी हलवायची हे ठरवायचं. हातात काम असलं की बोलावंच लागतं, ‘तो स्क्रू दे’, ‘हे टोक धर’, आणि त्या बोलण्यात व्याकरण कोणी तपासत नाही. तिचं इंग्रजी त्या विंगेत सुटलं, हे मी अगदी खात्रीने सांगते.

आमच्या शाळेत वर्षाला दोन मोठे प्रयोग होतात, शरद ऋतूत गद्य नाटक आणि वसंतात म्युझिकल. म्युझिकल म्हणजे केवढा पसारा! ऑर्केस्ट्रा पिटमध्ये मुलं, कोरसची मुलं, वेशभूषेला पालक, आणि प्रकाशाच्या बोर्डवर सोळा वर्षांची मुलगी. प्रयोगाच्या आठवड्यात रोज रात्री उशिरापर्यंत तालीम चालते आणि त्या सगळ्यांचं जेवण पालक करून आणतात. मी एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून, नोकरीची परवानगी नाही, दिवसभर घरी. त्या आठवड्यात मी मोठ्ठं पातेलं भरून व्हेज पुलाव नेला आणि पहिल्यांदाच या गावातल्या दहा-बारा बायकांशी नावानिशी ओळख झाली. शाळेचं जग कसं चालतं, कोणत्या शिक्षकांना कसं विचारायचं, कोणता फॉर्म कधी भरायचा, हे मला वेबसाइटपेक्षा त्या स्वयंपाकाच्या टेबलाशी जास्त कळलं.

अकरावीत तिने टेक्निकल थिएटर हा विषय घेतला, म्हणजे जे संध्याकाळी करत होती तेच आता क्रेडिटला. दिव्यांचा आराखडा कागदावर काढणं, मोजमापाने सेटचं रेखाटन, क्यूशीट, म्हणजे दिवे-आवाज कधी बदलायचे त्या इशाऱ्यांची यादी. तिच्या जॉमेट्रीचा खरा उपयोग मला तिथे दिसला. न्यू जर्सीत मिलबर्नचं पेपर मिल प्लेहाऊस दरवर्षी हायस्कूलच्या म्युझिकलना रायझिंग स्टार पुरस्कार देतं. त्यात नुसत्या नटांनाच नव्हे, नेपथ्य आणि प्रकाशयोजनेलाही दाद मिळते. परीक्षक येणार म्हटल्यावर आमच्या मुलांनी एक दार तीनदा नव्याने रंगवलं.

बाकी शाळेतलं जगणं थोडक्यात सांगते. क्लब पुष्कळ असतात, सप्टेंबरमध्ये त्यांची जत्रा भरते. दोन निवडा, दहा नकोत. खेळांत निवड कडक असते, पण आमच्याकडे क्रॉस कंट्री आणि ट्रॅक या धावण्याच्या खेळांमध्ये कोणालाही घेतात, नव्या मुलांसाठी ती चांगली जागा आहे. होमकमिंग, स्पिरिट वीक, प्रॉम हे शाळेचे सोहळे आणि नाचाचे कार्यक्रम, हे सगळं मुलं आपोआप शिकतात. आपण फक्त तिकिटाचे पैसे आणि परत यायची वेळ ठरवायची. स्कूलबस अडीच मैलांपेक्षा लांब राहणाऱ्यांना मिळते.

अकरावी जड जाते हे खरं. मार्चमध्ये राज्याची पदवीपात्रता परीक्षा, मे महिन्यात एपीच्या, म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या, परीक्षा, मधे कॉलेजप्रवेशासाठीची एसएटी. आपल्या समाजात एपी किती घेतले यावर मुलांची उंची मोजली जाते. आमच्या घरीही हा वाद झाला. बारावीसाठी विषय निवडताना एपी फिजिक्स आणि टेक्निकल थिएटरचा पुढचा वर्ग एकाच तासाला आले. माझ्या नवऱ्याचं मत फिजिक्स. पुण्याहून सासऱ्यांचा फोन, ‘अगं, नाटकाने पोट भरतं का?’ मी काउन्सेलर बाईंची वेळ घेतली, मुलीला आणि तिच्या बाबांनाही सोबत नेलं. त्यांनी विचारलं, ‘हा विषय सोडलास तर तुझ्या आठवड्यातलं काय जाईल?’ मुलगी इंग्रजीत, न थांबता, बराच वेळ बोलली. तिचे बाबा तिला तसं बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते. फिजिक्स ती एपीऐवजी साध्या ऑनर्स पातळीवर करते आहे, एपी कॅल्क्युलस आहेच, आणि थिएटर राहिलं. मी त्या निर्णयाच्या पूर्ण बाजूने आहे. कॉलेजप्रवेशाच्या सामायिक अर्जात, म्हणजे कॉमन अ‍ॅपमध्ये उपक्रमांसाठी दहा जागा असतात. तिने चारच भरल्या, पण पहिल्या जागेवर तीन वर्षांचं काम आहे.

या शरद ऋतूतल्या नाटकाची ती स्टेज मॅनेजर आहे. कानाला हेडसेट लावून प्रत्येक क्यू तीच देते. क्रूमध्ये यंदा हैदराबादहून आलेला एक नववीतला मुलगा आहे, त्याला तिने सुरक्षेच्या परीक्षेच्या आधी स्वतः बसवून शिकवलं.

आमचा धाकटा पुढच्या सप्टेंबरला हायस्कूलमध्ये जाईल. विषयनिवडीचं पोर्टल इथे हिवाळ्यातच उघडतं. त्याला ट्रॉम्बोन हवा आहे आणि रोबॉटिक्सही, आणि दोन्हींची वेळ भिडते असं ऐकते. ऑप्शन टू नावाची एक सोय आहे, शाळेबाहेर किंवा वेगळ्या पद्धतीने केलेल्या कामाला क्रेडिट द्यायची. बँडच्या बाबतीत आमची शाळा ती कशी लावते हे विचारायला काउन्सेलर बाईंची पुढच्या मंगळवारची वेळ घेतली आहे.