अळणी समुद्र

आमच्यातल्या अकोल्याने समुद्र पाहिलेला नव्हता. अकोला हे गावाचं नाव, पण बर्लिनमध्ये आम्ही एकमेकांना गावावरूनच हाका मारायचो. मेकॅनिकलची मुलगी कोल्हापूर, मी अलिबाग, आणि ही पद्धत पाहून वर्गातला एक जर्मन मुलगा आपण होऊन रोस्टॉक झाला, कारण त्याचं घर उत्तर किनाऱ्यावरच्या त्या शहरातलं. अकोल्याची मुंबईशी ओळख विमानतळापुरती, तीही मध्यरात्री टॅक्सीच्या काचेतून. त्यामुळे २०२३च्या उन्हाळ्यात शनिवार-रविवार बाल्टिक समुद्रावर जायचं ठरलं, तेव्हा यजमानपण मी परस्पर स्वतःकडे घेतलं. समुद्र रोस्टॉकच्या दाराशी असेल, पण समुद्र म्हणजे काय हे सांगायचा हक्क माझा. शाळेत येता-जाता जिला समुद्रातला कुलाबा किल्ला दिसायचा, तिला एवढं चालायला हवं.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात जर्मनीत एक मासिक तिकीट सुरू झालं होतं, तेव्हा ४९ युरोंचं. ते घेतलं की देशभरात कुठल्याही साध्या गाडीत बसता येतं, फक्त वेगवान गाड्यांच्या वाटेला जायचं नाही. बर्लिनहून रोस्टॉकला साधी गाडी जवळजवळ तीन तास घेते, आणि उन्हाळ्यातल्या शनिवारी अख्खं बर्लिन त्याच गाडीत असतं. सायकली, कुत्री, गुंडाळलेले तंबू, बिअरच्या बाटल्यांचे क्रेट. कोल्हापूरने तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती, अकोल्याने चिवडा, मी शिरा. रोस्टॉकने एक सफरचंद आणलं होतं. पुऱ्यांचा डबा उघडल्यावर ते त्याने निमूटपणे परत पिशवीत टाकलं.

रोस्टॉकहून लोकल पकडून वार्नेम्युंडेला उतरलो. वार्नो नदी जिथे समुद्राला मिळते तिथलं हे जुनं कोळ्यांचं गाव. रोस्टॉक शहराने ते १३२३मध्ये विकत घेतलं, आणि आमचा रोस्टॉक ही गोष्ट अशी सांगतो, जणू बयाणा त्याच्या आजोबांनी दिला. जुन्या खाडीच्या काठाने चालत गेलं की १८९८चा पांढरा दीपस्तंभ लागतो, शेजारी लाटेसारख्या छपराची १९६८ची काँक्रीटची इमारत, आणि मग वाळू. वाळू इतकी रुंद की पाणी गाठेपर्यंत आपण समुद्रावर आलोय की पेरणीआधीच्या शेतात, असं वाटावं.

पण समुद्राआधी दिसल्या त्या टोपलीच्या खुर्च्या. त्यांना तिकडे स्ट्रांडकॉर्ब म्हणतात. दोन माणसं बसतील असा वेताचा कोनाडा, वर छप्पर, आत पट्ट्यापट्ट्यांची गादी, पाय टाकायला खालून ओढून घ्यायच्या फळ्या, बाजूला पेला ठेवायला इवलंसं घडीचं टेबल. प्रत्येकीला नंबर, प्रत्येकीला लाकडी जाळी आणि कुलूप. भाडं भरलं की किल्ली मिळते आणि संध्याकाळी ती परत करायची असते. समुद्रकिनाऱ्यावर कोणी माझ्या हातात किल्ली ठेवेल असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

या खुर्चीचा जन्मही इथलाच. १८८२मध्ये संधिवाताने त्रासलेल्या एका बाईंनी रोस्टॉकमधल्या विल्हेल्म बार्टेलमान या बुरुडाकडे जाऊन सांगितलं की मला समुद्रावर बसायचंय, पण वारा लागता कामा नये. त्याने त्यांना एका माणसापुरती बसकी टोपली विणून दिली. शेजारीपाजारी आधी हसले आणि मग त्यांनाही ती हवी झाली. पुढच्याच वर्षी बार्टेलमानच्या बायकोने वार्नेम्युंडेला या खुर्च्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. धंद्याची खरी अक्कल तिची, असं माझं मत. नवऱ्याने एक खुर्ची विकली असती आणि विसरला असता.

आता गंमत अशी की हा किनारा उत्तरेकडे तोंड करून आहे. ऊन दक्षिणेकडून येतं. तिथल्या लोकांना समुद्रापेक्षा उन्हाची भूक जास्त, त्यामुळे सकाळपासून त्या खुर्च्या उन्हाप्रमाणे वळत जातात. मधल्या प्रहरात उभा राहून पाहिलं तर शेकडो खुर्च्या आणि त्यांतली शेकडो माणसं समुद्राकडे पाठ करून बसलेली. समुद्र मागे, पुढे वाळूचा उंचवटा आणि वडे-आईस्क्रीमच्या टपऱ्या. आपल्याकडे माणूस चौपाटीवर येतो, पँट दुमडतो, घोटाभर पाण्यात उभा राहून एकटक समोर बघतो आणि भेळ खाऊन घरी जातो. अर्धा तास, पण पूर्णवेळ समुद्राकडे तोंड. ही मंडळी सकाळी नऊला येऊन संध्याकाळी सहाला उठतात, आणि त्यातला बराच वेळ शब्दकोडं सोडवतात. कुणाला समुद्र जास्त कळतो हे मी त्या दिवशी ठरवून टाकलं होतं. मग वारा सुटला. जुलैतला वारा, पण आमच्या डिसेंबरलाही हुडहुडी भरवेल असा. आम्ही चौघं दोघांच्या खुर्चीत आळीपाळीने शिरू लागलो. आत शिरलं की वारा एकदम थांबतो, वेताला उबदार वास येतो, आणि समुद्राचा फक्त आवाज ऐकू येतो. पाठ करून बसण्याबद्दलचं माझं मत तेव्हा थोडं मवाळ झालं. थोडंच.

अकोला मात्र वाळूत पाय टाकल्यापासून गप्प होता. तो सरळ पाण्यापर्यंत चालत गेला, बूट काढायचं विसरून. वाकला, ओंजळ भरली, आणि मी ‘अरे’ म्हणेपर्यंत तोंडात घेतली. मग मागे वळून ओरडला, “अलिबाग, हे तं पेता येते वं!”

मला राग आला. समुद्र पिता येत नाही, हा समुद्राबद्दलचा पहिला धडा. मी तरातरा गेले, बोट बुडवून चाटलं. मीठ होतं, पण लाजत लाजत. ओठ फुटावेत, केस चिकट व्हावेत, अंगावर पांढरी साय यावी, असं काही नाही. रोस्टॉक मागून आला आणि शांतपणे म्हणाला की आपल्या नेहमीच्या समुद्रात असतं त्याच्या एक तृतीयांश मीठ इथे असतं, आणि वर फिनलंड-स्वीडनच्या टोकाला गेलीस तर त्याहूनही कितीतरी कमी, तिथे नदीतले मासे आरामात राहतात. हे सांगताना त्याच्या आवाजात खंत नव्हती, उलट जरा अभिमानच होता. मिठाशिवाय भागवणाऱ्या माणसांचा असतो तसा.

तरी मी सोडलं नाही. म्हटलं, मिठाचं राहू दे, भरती किती वाजता?

अलिबागला हा प्रश्न ‘किती वाजले’ याच्या आधी येतो. तिथल्या पोरांना पावकी-निमकी येत नसली तरी पाऊणकी येते, कारण तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला. किल्ल्यात चालत जायचं की होडीने, माणूस आत अडकला तर कधी सुटेल, सगळं या एका हिशोबावर. उधाणाच्या दिवसांत पाणी चार मीटरांच्या वर चढतं-उतरतं, आणि सकाळी जिथून घोडागाडी गेली तिथे दुपारी होडी डोलते. मी वार्नेम्युंडेच्या वाळूत बसून फोनवर पंचांग उघडलं, तिथी पाहिली, मनात पाऊणपट केली, आणि पाण्याच्या कडेला एक काटकी रोवली.

काटकी तिथेच राहिली. आम्ही चिवडा संपवला, कोल्हापूरची एक झोप झाली, बंदरातून डेन्मार्कची बोट बाहेर पडली, आणि पाणी काटकीपासून होतं तिथेच. इथे भरती-ओहोटीत जेमतेम वीतभराचा फरक, आणि तोही वाऱ्याने पाणी पुढे-मागे ढकललं की कळत नाही. मी ज्या समुद्रावर वाढले तो दिवसातून दोनदा घर सोडून जातो आणि परत येतो. हा कुठेच जात नाही.

मीठ कमी का आणि भरती का नाही, दोन्हींचं कारण एकच निघालं. बाल्टिक समुद्राला बाहेर पडायला डेन्मार्कच्या बेटांमधल्या दोन-तीन चिंचोळ्या वाटा, त्याही उथळ. कोपनहेगनजवळच्या वाटेत तळाला जो उंबरठा आहे, त्याच्यावर पाणी फक्त आठेक मीटर. महासागराची भरती एवढ्याशा दारातून आत शिरताशिरता दमून जाते, मीठही तसंच. आतून मात्र चहूबाजूंच्या नद्या गोडं पाणी ओतत राहतात, आणि थंडीमुळे वाफही फारशी होत नाही. पश्चिमेचा वारा बरेच दिवस नेट धरून वाहिला, तरच खाऱ्या पाण्याचा मोठा लोंढा उंबरठा ओलांडून आत येतो. वार्नेम्युंडेच्या किनाऱ्यालगत या समुद्राचा अभ्यास करणारी एक संस्थाच आहे. २०१४च्या डिसेंबरात असा मोठा लोंढा आला, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांनी तो मोजला. नुसती मौज नव्हे ती. खोल तळाशी जाणारा प्राणवायू या खाऱ्या पाण्याबरोबरच येतो, नाहीतर तळातलं पाणी गुदमरतं. मीठ येण्याची वाट बघत बसणारी माणसं मला एकदम जवळची वाटली. आमच्याकडची मिठागरवाली माणसं मीठ मागे राहण्याची वाट बघतात, एवढाच फरक.

दुपारी जुन्या खाडीवर मासे खायला गेलो. काठाला बांधलेल्या बोटींवरूनच पावात मासा घालून देतात. हेरिंग, व्हिनेगरमध्ये मुरवलेला, वर कच्चा कांदा. शिजवलेला नाही, तळलेला नाही, हळद नाही, आगळ नाही. मी पहिला घास घेतला आणि दुसरा घेण्याआधी एका सीगलने माझ्या हातातून अर्धा पाव नेला. बरं झालं असं मी म्हणणार नाही, कारण चव वाईट नव्हती, परकी होती. कोल्हापूरने उरलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढून तिच्या पावात रिकामी केली, तेव्हा बोटीवरचा म्हातारा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. २०२२पासून बाल्टिकच्या या भागात कॉड धरायला जायला बंदी आहे आणि हेरिंगवरही कडक बंधनं आहेत, छोट्या बोटींना तेवढी सूट. मासेच उरले नव्हते. त्यामुळे बोट इथली असली तरी पावातला मासा बऱ्याचदा दुसऱ्या समुद्रातून आलेला असतो. हे ऐकून मला आमच्या बंदरावरच्या मावशी आठवल्या. पापलेट कुठलं, असं विचारलं की त्या आधी आपल्याकडे वरपासून खालपर्यंत बघतात आणि मग ‘आपलाच हाय’ म्हणतात.

रविवारी कोल्हापूरला अंबर शोधायचा होता. वादळानंतर तो किनाऱ्याला लागतो, झाडाच्या डिंकाचा कोट्यवधी वर्षांपूर्वीचा दगड. रोस्टॉकने तिला एक पत्र्याची डबी दिली आणि बजावलं की सापडलेलं काही खिशात टाकायचं नाही. पूर्वेकडच्या उझेडोम बेटावर महायुद्धातल्या बॉम्बमधला फॉस्फरस अजून वाहून येतो, दिसतो अगदी अंबरसारखा, आणि खिशात वाळला की पेट घेतो. तिला अंबर मिळाला नाही, फॉस्फरस मिळाला नाही, एक हिरवी काच मिळाली. त्याच शोधात अकोला पश्चिमेकडे फार पुढे गेला आणि कपड्यांशिवायच्या किनाऱ्यात शिरला. पूर्व जर्मनीच्या काळात रुजलेली ही रीत, पाटीही असते, पण त्याचं लक्ष वाळूत. परत आला तो कानापर्यंत लाल होऊन. आम्ही खोदून खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, “तेही शब्दकोडंच सोडवून रायले.”

परतीच्या गाडीत बसायला जागा नव्हती. आम्ही दाराशी सायकलींमध्ये उभे होतो. मी अकोल्याला सांगत होते की हा समुद्र धरू नकोस, डिसेंबरात अलिबागला ये, खरा दाखवते, पाणी डोळ्यांदेखत किल्ल्यापर्यंत मागे जातं. तो मान डोलावत होता आणि फोन लावत होता. पलीकडे त्याची आई. अकोल्यात तेव्हा मध्यरात्र उलटायला आली होती, पण ती माउली जागीच होती. समुद्र किती मोठा, भेव नाही ना वाटलं, जेवला का, सगळं झाल्यावर तिने विचारलं, पाणी खरंच खारं असते काय रे.

अकोल्याने माझ्याकडे पाहिलं, जरा विचार केला आणि म्हणाला, “हाये ना माय, खारं हाये. वरनात मीठ कमी पडते न, तेवढं.”