पोरबंदरी दगडातली पाने

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा दर्शनी भाग पाहताना बहुतेकांची नजर घुमटाकडे जाते. माझी मात्र कमानींच्या कडांवर आणि खांबांच्या माथ्यांवर कोरलेल्या पानाफुलांतच गुंतून राहते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ साली सुरू झालेले हे बांधकाम १८८८ मध्ये पूर्ण झाले. त्यातल्या नक्षीकामात सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. इमारतीची शैली युरोपातल्या गॉथिक वळणाची असली, तरी या नक्षीत मोर आहेत, माकडे आणि खारीही आहेत, आणि ही मंडळी मला आपल्याकडच्या झाडांवरची वाटतात.

एखादे पान नीट न्याहाळले, तर त्याची कड मागच्या दगडापासून सुटी केलेली दिसते. कारागिराने पानाच्या पाठीमागे छिन्नी घालून आतला दगड पोखरून काढलेला असतो, त्यामुळे तिथे गडद सावली साठते आणि मुंबईच्या रखरखीत उन्हातही ते पान खालून स्पष्ट उठून दिसते. इतके नाजूक काम आपल्या काळ्या फत्तरात करणे फार अवघड. म्हणून भिंतींना आसपासच्या खाणींतला कठीण दगड वापरला गेला आणि नक्षीसाठी काठेवाडातून पोरबंदरी दगड आणला गेला. हा चुनखडीचा दगड मऊ असतो व छिन्नीखाली सहज कापला जातो.

मात्र हाच मऊपणा पुढे त्याच्या मुळावर येतो. आम्लयुक्त पावसाने चुनखडी झिजते, धुराची काजळी खाचांत बसते आणि पानांच्या शिरा हळूहळू बुजत जातात. मला खरी चिंता वाटते ती अशा जुन्या इमारतींवर घाईने होणाऱ्या सिमेंटच्या डागडुजीची. सिमेंट मूळ दगडापेक्षा कठीण असते आणि ओल बाहेर पडू देत नाही; मग आत अडकलेल्या पाण्याबरोबर क्षार साचतात आणि ठिगळाच्या शेजारचा चांगला दगडच पापुद्र्यांनी सुटू लागतो. अशा ठिकाणी सांधे चुन्यानेच भरावेत, आणि पान पुरते गळून गेले असेल, तर ते त्याच जातीच्या दगडात, पाठीमागच्या पोकळीसकट, पाथरवटाकडूनच पुन्हा कोरून घ्यावे. त्याला वेळ लागतो आणि पैसाही लागतो. तो दिला जावा, असे मला मनापासून वाटते.