वाटेत सांडलेला उजेड

पहिला संशय मी डोळ्यांवर घेतला. पन्नाशी उलटली की कुठल्याही बिघाडाचं खापर आपण मुकाट्यानं स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतो. रात्री बांबवड्याकडून कोल्हापूरला येताना वाघबीळचा घाट उतरला की पुढचा केर्लीचा रस्ता मला धड दिसेना. डोळे तपासून घेतले. नंबर किंचित वाढला होता, नवा चष्मा आला. त्या चष्म्यातून पेपर झकास दिसायला लागला. केर्लीचा रस्ता मात्र होता तसाच.

मग डिसेंबरात ती ट्रॉली आली. आली म्हणजे काय, ती तिथंच होती. मीच तिच्यावर चाललो होतो. उसाचा हंगाम, एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. लोंबणारे उसाचे वाढे बॉनेटवर सर्रकन घासले तेव्हा मला समजलं की पुढं काहीतरी आहे. बायको एक शब्द बोलली नाही. आमच्या घरात हे वाईट लक्षण. शिवाजी पूल ओलांडल्यावर तिनं विचारलं, "अहो, आपले दिवे लागलेत का?"

लागले होते. पण कसे, तर लोड शेडिंगच्या काळात घरात कंदील जळायचा तसे. पिवळे, मिणमिणते आणि स्वतःपुरते. गाडी चौदा वर्षांची आणि उजेड रोज चिमूटभर कमी होत गेलेला, त्यामुळं माझ्या ध्यानातच आलं नाही. एकदम गेला असता तर दुसऱ्या दिवशी गॅरेज गाठलं असतं.

दुसऱ्या सकाळी दिव्यांच्या काचांकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. त्यांना काच म्हणायचं ते जुन्या सवयीनं. ते असतं पॉलिकार्बोनेट, म्हणजे एक जातीचं प्लास्टिक. त्याच्यावरचा संरक्षक थर उन्हानं झिजला की ते पिवळं आणि धुरकट होतं. माझी गाडी वर्षानुवर्षं पश्चिमेकडं तोंड करून उभी असते, त्यामुळं काचांना मोतीबिंदू झाला होता. मोबाईलवर एकानं टूथपेस्ट लावून दाखवली होती, मीही लावली. दात घासायचा जुना ब्रश घेऊन मी गाडीपुढं उकिडवा बसलेला बघून शेजारच्या काकू थबकल्या, आणि काही न विचारता पुढं गेल्या. काचा चकाकल्या खऱ्या, पण चारच दिवस. खरी रीत वेगळी आहे: आधी खरखरीत, मग बारीक असा पाण्याचा पॉलिश पेपर, मग रबिंग, आणि शेवटी ऊन अडवणारं कोटिंग. हे शेवटचं टाळलं की काही महिन्यांत पिवळेपणा परत हजर. हे सगळं पुढं रीतसर करून घेतलं. फरक पडला, पण पोटभर नाही.

मग बल्ब. साधा हॅलोजन, अप्परला 60 वॅट, डिप्परला 55. नवे आणले, फडक्यात धरून बसवले, कारण बोटाचं तेल त्या काचेला लागलं की ती तिथं जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. दुकानदारानं सुचवलं, "सर, एलईडी टाका, दिवस पाडतोय." दिवस पडतो, समोरच्याच्या डोळ्यात. हॅलोजनची तार परावर्तकापुढं नेमक्या जागी बसवलेली असते. तिथं दुसरंच काहीतरी कोंबलं की उजेड वाट्टेल तिकडं उधळतो. पूर्वी दिव्याच्या वरच्या भागाला काळा रंग फासायची पद्धत होती. दिसायला ओंगळ, पण समोरच्या माणसाचा विचार तरी होता त्यात. दुसरा सल्ला शंभर वॅटच्या बल्बचा. त्यानं होल्डर वितळलेले मी दोन मित्रांकडं पाहिलेत, त्यामुळं तोही सोडून दिला. साधे नवे बल्ब लावले आणि उजेड जुनाच राहिला.

शेवटी उद्यमनगर. कोल्हापुरात कुठल्याही यंत्राचं दुखणं शेवटी उद्यमनगरातच जातं. वायरिंगच्या मेस्त्रींनी फोनवर एवढंच सांगितलं, "सात वाजता या. अंधार पडल्याबिगर उजेडाचं काम कळत न्हाई."

गल्लीत लेथ थांबलेले, हवेत कटिंग ऑइलचा वास. मेस्त्रींनी गाडी समोरच्या बंद शटरपुढं उभी करवली, दिवे लावायला सांगितले. शटरवर दोन पिवळे डाग पडले. "रेस करा." केली. डाग तसेच. "म्हंजे बॅटरी-डायनामा बरोबर हाय. पट्टा सैल असता तर रेसला उजेड उठला असता." तरी मीटर लावलाच. इंजिन चालू, दिवे चालू, बॅटरीवर 14.1 व्होल्ट. मग होल्डरच्या पिनांवर मीटर टेकवला: 11.8.

"बघा. निघताना चौदा, पोचताना बाराबी न्हाईत. बल्ब बिचारा काय करंल? त्याला खायालाच मिळंना."

दोन-सव्वादोन व्होल्ट म्हणजे सहावा हिस्साच की, असं मी मनात म्हणतोय, तर ते म्हणाले उजेड निम्मा झालाय. आणि ते खरंच आहे. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात उतरत नाही, त्याच्या कितीतरी पट वेगानं कोसळतो. व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड तीसेक टक्क्यांनी घटतो.

मला तिथं उभ्या उभ्या किरणोत्सव आठवला. नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारी सरता-फेब्रुवारी लागता मावळतीची किरणं महाद्वारातून थेट अंबाबाईच्या गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी चरण, मग छाती, मग मुख. गर्दीत टाचा उंचावून मी कितीदा उभा राहिलोय, आणि कितीदा ती किरणं कमरेपर्यंत येऊन विरलेली पाहिलीत. सूर्य वेळेवर असतो. मधे ढग असतो, धूळ असते, हवेतला दमटपणा असतो, वाटेतल्या बांधकामाचा कोपरा असतो. दुसऱ्या दिवशी लोक बोलतात ते त्या वाटेबद्दल, सूर्याला कोणी नाव ठेवत नाही. मी मात्र आधी डोळ्यांना आणि मग बल्बला नावं ठेवून बसलो होतो.

"आता अर्थ बघू," मेस्त्री म्हणाले. अर्थ म्हणजे अर्थिंग, बल्बमधून गेलेली वीज गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडं परतायची वाट. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं होल्डरच्या अर्थाच्या पिनेला. 1.6 व्होल्ट. तिथं पाव-अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसायला नको. वायरीच्या मागानं हात सरकवत ते डाव्या दिव्यामागं, काच धुवायच्या पाण्याच्या बाटलीखाली पोचले. तिथं एक दहाच्या पान्याचा बोल्ट. "हात लावा." लावला, तर चांगलाच गरम. दिव्यांच्या वाटणीची वीज तो बोल्ट तापवण्यात खर्ची पडत होती.

मग त्यांनी एक जाड वायर घेतली. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला धरलं आणि दुसरं बोल्टाखालच्या थिंबलला, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्याला, नुसतं टेकवलं. शटरवरचे दोन्ही डाग क्षणात पांढरे झाले. शटरच्या पट्ट्या, गंजाचे ओघळ, खडूनं लिहिलेला कुणाचा तरी हिशोब, सगळं लख्ख वाचता आलं. वायर उचलली, पुन्हा पिवळा अंधार. टेकवली, उजेड. तीन-चार वेळा त्यांनी तसं केलं. पहिल्या वेळेलाच निदान झालं होतं. पुढचं सगळं माझ्यासाठी होतं असं मला वाटतं.

बोल्ट खोलला तर थिंबलखाली पांढरट-हिरवी भुकटी, आणि तिच्याखाली माझ्या गाडीचा सुंदर मोतिया रंग. दोन वर्षांपूर्वी डाव्या कोपऱ्याला ठोकर बसली होती, तेव्हा डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं. पेंटरनं मन लावून काम केलं होतं, बोल्टाची जागासुद्धा सोडली नाही. रंगातून वीज जात नाही. बोल्टाच्या आट्यांतून जेमतेम जी वाट उरली, तिला पावसाळ्यांनी बुरशी आणली. गाडी हातात आली तेव्हा "रंग कसा बेमालूम जुळलाय" म्हणून मी त्या पेंटरला वर शंभर रुपये दिले होते, हे मेस्त्रींना सांगितलं नाही.

त्यांनी पॉलिश पेपरनं पत्रा घासून चकचकीत केला, नवं थिंबल दाबलं, वरून ग्रीस फासलं. स्टेअरिंगजवळच्या स्विचमधून घसटत येणारी वीज रिले, म्हणजे बल्बचा भार स्वतः पेलणारा वेगळा स्विच, लावून, मधे फ्यूज घालून, सरळ बॅटरीवरून आणली. मीटर 13.7 वर गेला. मजुरी ऐकून मी चष्म्याच्या बिलाशी मनातल्या मनात तुलना केली आणि तो विषय तिथंच थांबवला.

त्याच रात्री काही काम नसताना आम्ही केर्लीपर्यंत जाऊन आलो. झाडांच्या बुंध्यांचे पांढरे पट्टे, मैलाचा दगड, रस्त्याकडेला पडलेली उसाची कांडी, पुलाच्या कठड्यावर बसलेलं मांजर. बायको एकेक वाचून दाखवत होती. तेवढ्यात समोरून एक टेम्पो आला आणि त्यानं चिडून दोनदा अप्पर मारला. मी गडबडीनं डिप्पर दिला. इतक्या दिवसांत माझ्या दिव्यांवर कोणी चिडलेलं नव्हतं.

"शिवी दिली वाटतं त्यानं," बायको म्हणाली.

"दिली असंल की," मी म्हणालो.